मॉडिफाय केलेल्या गाडीचं एअर-फ्युएल सेट कसं करायचं, कोल्हापुरातल्या गाड्यांसाठी

हेडर (इंजिनपासून निघणारे एक्झॉस्टचे पाइप) टाकला, फ्री फ्लो सायलेन्सर लावला, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) बदलला, मोठे इंजेक्टर बसवले की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, दादा आता मॅप कुठून मिळेल. मॅप म्हणजे किती आरपीएमला आणि किती लोडला किती पेट्रोल टाकायचं त्याचं टेबल, तो मिळत नसतो भावांनो, तो आपल्याच गाडीवर बसून करावा लागतो. दोन सारख्या स्विफ्ट असल्या तरी एकाचा हेडर उद्यमनगरात हाताने वाकवून केलेला असतो, दुसऱ्याचा तयार आणलेला, एकाचे इंजेक्टर साफ केलेले असतात आणि दुसऱ्याचे दहा वर्षांचे जुने, मग एकाचा मॅप दुसऱ्यात टाकून गाडी चालू होईल पण नीट चालणार नाही, आणि फुल लोडला लीन गेली, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, तर पिस्टन जाईल.

मी जे सांगतोय ते माझ्या जुन्या पेट्रोल स्विफ्टवर केलेलं आहे, १.३ चं इंजिन, ७४ बोअर ७५.५ स्ट्रोक, १२९८ सीसी. त्यावर हेडर, कॅम, मोठे इंजेक्टर आणि स्पीडुइनो ईसीयू (पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारा कॉम्प्युटर) आहे, लॅपटॉपवर तो सेट करायचं सॉफ्टवेअर ट्यूनरस्टुडिओ. तुमच्याकडे दुसरा ईसीयू असला तरी पद्धत तीच राहते, फक्त मेनूतली नावं बदलतात. कार्ब्युरेटरवाली जिप्सी किंवा ८०० असेल तर एअर-फ्युएलचा मीटर तोच, आकडे तेच, लॅपटॉपच्या जागी जेटचा डबा घेऊन बसायचं, त्यात मी इथे शिरत नाही.

आधी आकडे समजून घ्या. शुद्ध पेट्रोलचा १ किलो पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, त्याला एएफआर १४.७ म्हणतात आणि लॅम्डा १ पण तेच. हवा जास्त झाली तर लीन, पेट्रोल जास्त झालं तर रिच. लॅम्डा ०.८७ म्हणजे पेट्रोलच्या स्केलवर १२.८ च्या आसपास. आता इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ई२० मुळे. २०२३ पासून पंपावर ई२० यायला लागलं आणि २०२५ पर्यंत बहुतेक ठिकाणी तेच मिळायला लागलं. इथेनॉलला पूर्ण जळायला फक्त ९ पट हवा लागते, त्यामुळे ई२० चा पूर्ण जळण्याचा रेशो १३.५ च्या आसपास येतो. हे वाचून काहीजण म्हणतात मग मीटरवर पण क्रूझला, म्हणजे एकसारख्या स्पीडला, १३.५ दिसायला पाहिजे, आणि तसं दिसेपर्यंत पेट्रोल वाढवत बसतात. चुकीचं आहे ते. मीटरचा एक्झॉस्टमध्ये बसणारा वाइडबँड सेन्सर पेट्रोल मोजत नाही, जळून झाल्यावर किती ऑक्सिजन उरला किंवा किती कमी पडला ते मोजतो, म्हणजे तो मुळात लॅम्डाच मोजतो, आणि मीटर त्याला १४.७ ने गुणून दाखवतो. तुमच्या टाकीत काहीही असो, मीटर पेट्रोलच्या स्केलवर असेल तर लॅम्डा १ ला तो १४.७ च दाखवणार. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की मीटर आणि लॅपटॉप दोन्ही लॅम्डावर टाका आणि एएफआर विसरून जा, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

पण ई२० चा खरा परिणाम दुसरीकडे आहे. साध्या पेट्रोलवर केलेला जुना मॅप असेल तर ई२० वर तीच गाडी ८-९ टक्के लीन चालते. हळू चालवताना ईसीयू सेन्सर बघून भरून काढतो, पण फुल थ्रॉटलला बहुतेक सेटअपमध्ये ईसीयू सेन्सरकडे बघतच नाही, टेबलात लिहिलंय तेवढंच पेट्रोल टाकतो. म्हणजे जिथे धोका सगळ्यात जास्त तिथेच गाडी लीन. पाच-सहा वर्षांपूर्वी कुणाकडून ट्यून करून घेतली असेल तर एकदा परत तपासाच.

मीटर लावण्याआधी गाडी नीट करा

हा भाग पोरं सोडून देतात आणि मग महिनाभर लॅपटॉप घेऊन फिरतात. कॉम्प्रेशन बघा, चारही सिलिंडरला जवळपास सारखं पाहिजे. प्लग नवीन घाला. इनटेकचे पाइप, क्लॅम्प, ब्रेक बूस्टरचा पाइप, कुठून हवा शिरत नाही ना ते स्मोक टेस्ट करून बघा. तापलेल्या इंजिनवर स्प्रे मारून बघायची सवय काहींना असते, ती सोडा, हेडर लाल झालेला असतो आणि तो स्प्रे पेट घेतो. फ्युएल प्रेशरचा गेज लावा, पोर्ट इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांना ३ बारच्या आसपास असतं, आणि नुसतं आयडलला बघून सोडू नका, लोडवर पण टिकतंय का बघा, कारण जुना पंप आयडलला ३ दाखवतो आणि वर ओढायला लागला की खाली बसतो. इंजेक्टर मधून किती पेट्रोल जातं ते प्रेशरच्या वर्गमुळावर चालतं, ३ चं ४ बार केलं तर १५ टक्केच वाढतं, तेव्हा प्रेशर वाढवून छोटे इंजेक्टर चालवायचा नाद करू नका.

थर्मोस्टॅट. आपल्याकडे गाडी एकदा गरम झाली की मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकून देतो आणि गिऱ्हाईक पण खूश होतं की आता काटा वर जात नाही. पण मग कुलंट कधी नीट तापतच नाही, ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंड आहे आणि तो वॉर्म-अपचं जादा पेट्रोल टाकतच राहतो. अशा गाडीवर तुम्ही टेबल सेट केलं तर ते टेबल चुकीचंच होणार, आणि ज्या दिवशी उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये इंजिन खरंच तापेल त्या दिवशी गाडी लीन होणार. आधी थर्मोस्टॅट परत बसवा, मग पुढे चला.

आता एक माझ्याबरोबर झालेलं सांगतो, त्यातून कळेल मी गाडी नीट करा असं इतकं का म्हणतोय. हेडर नवीन बसवला होता, वाइडबँड लावला, आयडल आणि हळू चालवताना मीटर १.१० च्या पुढे, एकदम लीन. मी पेट्रोल वाढवत गेलो. दोन संध्याकाळी वाढवत गेलो, व्हीई टेबलचे (सिलिंडर हवेने किती टक्के भरतो ते टेबल, त्यावरून ईसीयू पेट्रोल ठरवतो) कमी लोडचे आकडे वीस टक्क्यांनी वर गेले तरी मीटर १ वर येईना, आणि गाडी मात्र मिसिंग करायला लागली, मागून पेट्रोलचा वास. शेवटी प्लग काढले तर चारही काजळीसारखे काळे, कोरडी मऊ काजळी, बोटाला लागणारी. मीटर सांगतोय लीन, प्लग सांगतायत रिच. दोघांत प्लग खरं बोलत होता. हेडर आणि हेडच्या मधलं गॅस्केट एका बोल्टपाशी बसलंच नव्हतं, तिथे काळी रेघ उमटली होती. एक्झॉस्ट प्रत्येक धक्क्याच्या मागे थोडी हवा आत ओढतो, फट असेल तर बाहेरची हवा आत येते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो म्हणतो लीन. मिसिंगचं पण तसंच आहे, एका सिलिंडरला ठिणगी पडली नाही तर त्यातली हवा न जळता तशीच बाहेर येते, पेट्रोल पण येतं, पण सेन्सरला ऑक्सिजन दिसतो आणि तो लीन सांगतो, आणि तुम्ही अजून पेट्रोल टाकता, अजून मिसिंग. फट आयडल आणि कमी लोडला जास्त फसवते, वर लोडवर गॅस जास्त असल्याने फरक कमी पडतो, म्हणून तुमचे फक्त खालचेच आकडे विचित्र वर जात असतील तर पहिला संशय गॅस्केटवर घ्या. गॅस्केट बदललं, जुनं टेबल परत टाकलं, तर पहिल्याच दिवशी १.०२ आला.

वाइडबँड बसवणं

कंपनीचा जो ऑक्सिजन सेन्सर येतो तो नॅरोबँड असतो, तो ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये उड्या मारतो आणि ०.४५ ला लॅम्डा १ समजायचा. तो फक्त १ च्या या बाजूला की त्या बाजूला एवढं सांगतो, ०.८७ आहे की ०.८० हे त्याला सांगता येत नाही. त्याच्यावर फुल लोड ट्यून करणं म्हणजे डोळे बांधून गाडी चालवणं. वाइडबँड लागतोच, बहुतेक किटमध्ये बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर येतो.

सेन्सरचा बंग म्हणजे १८ मिमी, १.५ पिचचा नट, तो आरगॉन वेल्डिंगने लावून घ्या, शिवाजी उद्यमनगरात हे काम करणारे भरपूर आहेत. जागा महत्त्वाची. हेडचे चारही पाइप एकत्र आल्यानंतर, कॅटच्या (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आधी, एक्झॉस्ट पोर्टपासून साधारण दोन फुटांवर. टर्बो असेल तर टर्बोच्या नंतर, तीन फुटांच्या आसपास. घड्याळाच्या भाषेत पाइपच्या वरच्या अर्ध्यात, १० ते २ च्या मध्ये, सेन्सरचं टोक खाली झुकलेलं पाहिजे. खालून लावला तर सकाळी एक्झॉस्टमधलं पाणी सेन्सरवर साचतं आणि आतलं सिरॅमिक गरम असताना त्यावर पाणी पडलं की तडकतं. वेल्डिंग करताना सेन्सर काढून ठेवा. आणि सेन्सर लावून त्याला वीज न देता गाडी चालवायची नाही, एक दिवस पण नाही, हीटर बंद असला की काजळी बसून सेन्सर मरतो, वायरिंग उद्या करू म्हणून तसाच लावून घरी जाणारे बघितलेत मी.

मीटरवरचा आकडा आणि लॅपटॉपवरचा आकडा एकच येतोय का बघा. मीटर ०.८८ म्हणतोय आणि लॅपटॉप ०.९१, असं असेल तर अर्थिंगमध्ये गडबड आहे, मीटरचं अर्थ बॉडीला आणि ईसीयूचं इंजिनला असं झालेलं असतं. दोन्ही एकाच ठिकाणी घ्या. ही एवढीशी गोष्ट नीट केली नाही तर तुमचं सगळं टेबल ३ टक्क्यांनी चुकतं.

लॅपटॉपवर बसल्यावर

इंजिनचे सीसी, सिलिंडर, इंजेक्टरचा फ्लो, इंजेक्टरचा डेड टाइम हे आधी नीट भरा. डेड टाइम म्हणजे वीज दिल्यावर इंजेक्टर उघडायला जो वेळ घेतो तो, १४ व्होल्टला १ मिलिसेकंदाच्या आसपास असतो आणि व्होल्टेज पडलं की वाढतो. मोठे इंजेक्टर असताना आयडलला एकूण पल्सच दोन-अडीच मिलिसेकंद असतो, त्यात डेड टाइम ०.२ ने चुकला तर हेडलाइट आणि फॅन चालू झाल्या झाल्या आयडल हलायला लागतं. इंजेक्टर विकणाऱ्याकडून डेटा शीट मागून घ्या, नसेल तर ते इंजेक्टर घेऊच नका, स्वस्त मिळाले तरी.

टायमिंग म्हणजे ठिणगी पडायची वेळ, टायमिंग लाइट लावून बघा की लॅपटॉप जे डिग्री म्हणतोय तेच क्रँक पुलीवर दिसतंय. मग तीन गोष्टी बंद करा, क्लोज्ड लूप करेक्शन (सेन्सर बघून ईसीयू स्वतः करतो तो बदल), थ्रॉटल दाबल्यावरचं जादा पेट्रोल आणि पाय काढल्यावरचा फ्युएल कट. हे चालू ठेवून टेबल सेट केलं तर टेबल काय करतंय आणि करेक्शन काय करतंय तेच कळत नाही.

टार्गेट मी असे ठेवतो. आयडलला ०.९५ ते १, कॅम मोठा असेल तर ०.९२ पर्यंत, इंजिन जिथे शांत बसेल तिथे. क्रूझला १. लोड वाढत जाईल तसं हळूहळू खाली आणत फुल थ्रॉटलला साध्या इंजिनला ०.८६ ते ०.८८, टर्बोला बूस्टमध्ये ०.७८ ते ०.८०. फुल लोडला रिच का, तर तिथे हवा हा मर्यादित माल आहे, तिचा कण अन् कण जळला पाहिजे म्हणून पेट्रोल थोडं जास्त, आणि ते जादा पेट्रोल वाफ होताना आतली उष्णता घेतं, नॉकिंग, म्हणजे आतलं मिश्रण आपोआप भडकणं, लांब राहतं. म्हणून अजून रिच म्हणजे अजून सेफ असं मात्र नाही, ०.७५ च्या खाली गेलात तर ताकद जाते, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं आणि ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर समजा.

आता खरं काम. इंजिन पूर्ण तापू द्या, आयडलपासून सुरू करा, मग हळू लोड. गणित एकच आहे, टेबलातला आकडा गुणिले मोजलेला लॅम्डा भागिले पाहिजे तो लॅम्डा. टेबलात ६२ आहे, मोजला ०.९५, पाहिजे ०.८७, तर ६२ गुणिले ०.९५ भागिले ०.८७ म्हणजे ६७.७. एवढंच. पण कुठल्या चौकोनात हा आकडा टाकायचा ते नीट बघा, कारण इंजिन एका चौकोनात कधीच नसतं, चार चौकोनांच्या मध्ये असतं आणि ईसीयू चौघांची सरासरी घेतो, आणि वर गॅस सिलिंडरपासून सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो, आयडलला तर चांगलाच. म्हणून गाडी एका जागी दोन-तीन सेकंद स्थिर धरता आली तरच तो आकडा घ्या. थ्रॉटल हलत असतानाचे आकडे फेकून द्या, पाय काढल्यावरचे पण फेका. आपोआप टेबल सुधारणारी सोय ट्यूनरस्टुडिओच्या पैसेवाल्या व्हर्जनमध्ये आहे, चांगली आहे, पण तिला डोळे झाकून सोडू नका, दर दहा मिनिटांनी टेबलाचं थ्रीडी चित्र बघा. डोंगर असला पाहिजे, गुळगुळीत. मध्येच एखादा खिळा वर आला असेल तर इंजिन तसं नसतं, लॉगमध्ये, म्हणजे लॅपटॉपने नोंदवलेल्या आकड्यांत, काहीतरी घाण शिरली आहे.

गाडी चालवणारा वेगळा आणि लॅपटॉपवाला वेगळा, हे मी कधीच मोडत नाही. चालवणाऱ्याने मीटरकडे पण बघायचं नाही, त्याने रस्त्याकडेच बघायचं.

क्रूझसाठी पहाटे हायवे, शिरोली ते कागल, चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये ६०, ७०, ८० असा स्पीड धरून. ऊसाचा सीझन चालू असेल तर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, मागे रिफ्लेक्टर असतोच असं नाही, त्यामुळे चांगलं उजाडल्यावरच निघा.

लोडसाठी आपल्या कोल्हापूरकरांना देवाने घाट दिलाय. सपाट रस्त्यावर लोड पाहिजे तर स्पीड वाढतो, आणि तीन सेकंद धरायच्या आत तुम्ही नको त्या स्पीडला पोचता. चढाला तसं होत नाही. वाघबीळवरून पन्हाळ्याकडे वर जाताना तिसऱ्या गिअरमध्ये ४०-४५ ला गाडी धरली की २००० ते ३००० आरपीएमचे वरच्या लोडचे चौकोन आरामात भरतात, स्पीड कायद्यात, गाडी स्थिर, लॉग स्वच्छ. एक चढ दुसऱ्या गिअरमध्ये, एक तिसऱ्यात, एक चौथ्यात, मध्ये इंजिन थोडं निवू द्यायचं. केर्लीवरून जोतिबाच्या डोंगराचा चढ पण चांगला आहे, पण रविवार सोडून, रविवारी देवाला येणाऱ्यांची गर्दी असते. मी पन्हाळ्याच्या पाच फेऱ्यांत जेवढं टेबल भरलं तेवढं हायवेवर महिन्यात झालं नसतं.

४००० च्या पुढे फुल थ्रॉटल मात्र डायनोवरच, म्हणजे गाडी रोलरवर चालवून ताकद मोजायच्या मशीनवर. रस्त्यावर करू नका, तुमचं इंजिन वाचेल पण समोरून येणारा माणूस वाचला पाहिजे. डायनोच्या एक तासाचे पैसे पिस्टन-रिंगच्या खर्चापुढे काहीच नाहीत. आणि डायनोवर जाताना खालचं सगळं टेबल तयार करून जा म्हणजे तो तास वरच्या कामासाठीच जाईल. टायमिंग आधी दोन-तीन डिग्री कमी ठेवून लॅम्डा बसवा, मग टायमिंग वाढवत जा, ताकद वाढायची थांबली की थांबा. नॉकिंग ऐकायला माझ्याकडे साधी सोय आहे, तांब्याच्या नळीचं एक टोक चपटं करून त्याला भोक पाडलं, ते ब्लॉकच्या बोल्टला लावलं, दुसऱ्या टोकाला रबरी पाइप आणि तो कानावरच्या इअरमफमध्ये. नॉक झालं की कढईत फुटाणे उडाल्यासारखा आवाज येतो, एकदा ऐकला की विसरत नाही. तो आला की लगेच पाय काढा, लॅम्डा नंतर बघा.

डायनोवर इंजेक्टरची ड्युटी पण बघून घ्या. ६००० आरपीएमला इंजिनच्या दोन फेऱ्यांना मिळून २० मिलिसेकंदच मिळतात. इंजेक्टर १७ मिलिसेकंद उघडा असेल तर ८५ टक्के झाले, त्याच्या पुढे गेलात तर इंजेक्टर नीट बंदच होत नाही आणि टेबलात कितीही लिहिलं तरी पेट्रोल वाढत नाही. ई२० ला तसंही ८-९ टक्के जास्त लागतं, इंजेक्टर घेतानाच तेवढी जागा ठेवा.

टेबल झाल्यावर बंद केलेल्या गोष्टी एकेक करून परत चालू करा. थ्रॉटल पटकन दाबला की क्षणभर लीन होऊन गाडी अडखळते, तिथलं जादा पेट्रोल थोडं थोडं वाढवा, अडखळणं गेलं की थांबा, पुढे गेलात तर काळा धूर येतो. कोल्ड स्टार्टला संयम लागतो, कारण थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं, सकाळी एक बदल केला की दुसरा बदल उद्या. हिवाळ्यात करून ठेवा, उन्हाळ्यात तो चान्स नाही.

आणि गरम इंजिनचा एक प्रकार, ज्याच्यावर फार कमी लोक बोलतात. गाडी चालवून आलात, मिसळ खायला थांबलात, अर्ध्या तासाने गाडी चालू केली तर आयडल हलतंय, बंद पडायला बघतंय, आणि दोन किलोमीटरवर आपोआप बरं होतं. बॉनेटखाली उष्णता कोंडून हवेचं तापमान मोजणारा सेन्सर तापलेला असतो. बाहेर हवा ३२ ची, सेन्सर सांगतोय ६०, ईसीयूला वाटतं हवा पातळ आहे, तो ८ टक्के पेट्रोल कमी करतो. यावर व्हीई टेबल बदलायचं नाही, तिथेच चूक होते. सेन्सर धातूच्या मॅनिफोल्डवरून काढून फिल्टरजवळच्या प्लास्टिक पाइपवर घ्या, आणि ईसीयूत आयडलजवळ तापमानाचं करेक्शन थोडं सौम्य करा.

कॅट काढू नका, १ च्या जवळ चालणाऱ्या गाडीत तो नीट काम करतो. पीयूसीला बीएस ४ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना २५०० आरपीएमच्या आसपास धरून लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये बघतात, तुमचं क्रूझ नीट असेल तर काही वेगळं करायला लागत नाही. इंजिन किंवा सायलेन्सरमध्ये काय बदल चालतो काय नाही ते आरटीओत आधी विचारून घ्या, नंतर नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या गावाच्या उंचीचा, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण तो इथे बसून कळतच नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. मॅप सेन्सर (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा, हा मॅप वेगळा) इथे फुल थ्रॉटलला ९४-९५ किलोपास्कलच दाखवतो, त्याच्या वर हवाच नाही. माझ्या टेबलात लोडच्या ओळी ८५, ९०, ९५ आणि १०० अशा होत्या. पन्हाळा झाला, हायवे झाला, डायनो झाला, ०.८७ वर एकदम सुतासारखं बसलं, आणि १०० ची ओळ सुरुवातीच्या मॅपमधली जशीच्या तशी राहिली, तिला कधी हातच लागला नाही, कारण इंजिन तिथे कधी पोचलंच नाही. पुण्यात डायनो केला असता तरी तेच, पुणं पण याच उंचीवर आहे.

मग मित्राबरोबर मालवणला गेलो. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून वैभववाडी, पुढे कणकवली. खाली एका चढाला चौथ्यात पाय पूर्ण दाबला आणि बारीक फुटाणे उडाल्याचा आवाज. पाय काढला, बाजूला घेतली, लॉग उघडला. मॅप १००, लॅम्डा ०.९५. टेबलात ९५ च्या ओळीत ७८ होते आणि १०० च्या ओळीत ७०. ती दोन तासांची कोकणाची वाट उतरून आम्ही टेबलाच्या अशा भागात आलो होतो जिथे कोल्हापुरात कधीच गेलो नव्हतो.

तिथेच रस्त्याकडेला बसून ९५ च्या ओळीतले आकडे १०० मध्ये उतरवले, वर २ टक्के जास्त टाकले, कारण प्रेशर ईसीयू स्वतःच गुणतो, व्हीईमध्ये फार फरक लागत नाही. इग्निशनच्या टेबलात १०० च्या ओळीला एक डिग्री कमी केली. तुम्ही हे घरी बसूनच करून ठेवा, १०० ची ओळ आणि असेल तर १०५ ची पण. परत तोच चढ, तोच गिअर, यावेळी मित्र चालवत होता आणि मी स्क्रीनवर, मॅप १००, लॅम्डा ०.८६, आवाज नाही.